जुना लॅपटॉप, लिनक्स आणि माझे गेम्स: तीन आठवड्यांत काय काय झालं

माझा लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय-फाइव्हचा आहे, त्यात एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, सोळा जीबी रॅम. वय झालंय पण मशीन ठणठणीत आहे, कीबोर्डचं एक बटण सोडलं तर काहीच बिघडलेलं नाही. विंडोज ११ ला मात्र इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, सातव्या पिढीतले दोन-चार अपवाद सोडले तर बाकीचे यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे चालू स्थितीतलं मशीन फक्त यादीत नाव नाही म्हणून मोडीत काढायचं, आणि हे काही मला पटत नव्हतं. विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायचा विचार आधीही बऱ्याचदा केला होता, दरवेळी घोडं एकाच जागी अडायचं, ते म्हणजे गेम्स. स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात इतक्या वर्षांत जमवलेली लायब्ररी आहे, त्यातले निम्मे गेम मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून खेळलेले, ते सगळं सोडून द्यायचं म्हणजे जीवावरच येत होतं.

एक जुना अनुभवही डोक्यात बसलेला होता. खूप वर्षांपूर्वी मी लिनक्सवर वाइन नावाचं सॉफ्टवेअर टाकून एक विंडोजचा गेम चालवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा मेनूतली अक्षरं चौकोन चौकोन दिसायची, आवाज तुटक यायचा, आणि दुसऱ्या लेव्हलला सगळं ठप्प. तेव्हा नाद सोडून दिला तो दिलाच. त्यामुळे यावेळी सुरू करताना माझी अपेक्षा फार नव्हती, दहातले चार गेम चालले तरी राहू असं ठरवलं होतं.

मधल्या काळात काय बदललं ते आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वाइन हा प्रोजेक्ट १९९३ पासून चालू आहे. ते नक्कल करणारं खोटं कॉम्प्युटर नाही, ते दुभाष्यासारखं आहे. विंडोजचा प्रोग्रॅम सिस्टीमकडे काही मागतो, फाइल उघड म्हणतो, खिडकी काढ म्हणतो, तेव्हा वाइन तीच मागणी लिनक्सला समजेल अशी करून पुढे देतं. प्रोग्रॅम तुमच्याच प्रोसेसरवर थेट चालतो, म्हणून वेग फारसा मरत नाही. खरी अडचण होती ग्राफिक्सची, कारण विंडोजचे गेम चित्र काढून घ्यायला डायरेक्टएक्स ही मायक्रोसॉफ्टची भाषा बोलतात. २०१६ मध्ये व्हल्कन आलं, म्हणजे तसंच काम करणारी पण लिनक्सवरही चालणारी भाषा, आणि मग फिलिप रेबोले नावाच्या डेव्हलपरने डीएक्सव्हीके लिहायला घेतलं, जे डायरेक्टएक्सचं बोलणं व्हल्कनमध्ये करून देतं. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन वेगळं आहे. स्टीमची कंपनी व्हाल्व्हने हे सगळं एकत्र बांधून २१ ऑगस्ट २०१८ ला प्रोटॉन म्हणून थेट स्टीमच्या आत दिलं, आणि २०२२ मध्ये हातात धरून खेळायचा त्यांचा स्टीम डेक आला तो तर आतून लिनक्सच आहे. आज जे गेम तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर एका क्लिकमध्ये चालतात त्याच्यामागे तीस वर्षं चिकाटीने, बराच काळ फुकट काम करणारी माणसं आहेत, हे मला लिहिताना सुद्धा भारी वाटतं.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आवृत्ती, कुठली यावर मी जास्त वेळ घालवला नाही. मिंट घेतलं. पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं, वायफाय चाललं, आवाज चालला, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी-जास्त झाला, बास. एसएसडीवर विंडोजला थोडं आकसून बाजूला ठेवलं आणि उरलेल्या जागेत मिंट.

आणि इथेच माझी पहिली मोठी चूक झाली जी जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस करतो, म्हणून ती सविस्तर लिहिते.

माझे गेम दुसऱ्या एक टीबीच्या हार्डडिस्कवर होते, साधारण ४३० जीबी. ती डिस्क अर्थातच एनटीएफएस, म्हणजे फाइल्स ठेवायच्या विंडोजच्या पद्धतीची. मला वाटलं परत कशाला डाउनलोड करायचं, तीच डिस्क मिंटमध्ये जोडू, स्टीमला सांगू की लायब्ररी इथे आहे, झालं काम. स्टीमने लायब्ररी ओळखली पण, सगळे गेम यादीत दिसले, मी खुश. मग प्ले दाबलं. बटण निळं झालं, दोन सेकंद थांबलं, आणि परत हिरवं प्ले. ना एरर ना खिडकी. दुसरा गेम, तेच. तिसरा, तेच. दोन संध्याकाळी मी प्रोटॉनची व्हर्जन्स बदलत बसले, नऊ, आठ, एक्सपेरिमेंटल, काही फरक नाही.

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मेसेज काय देतंय ते बघितलंस का?" मी म्हटलं मेसेज देतच नाहीये रे. तो म्हणाला, "देत असणारच, तू योग्य जागी बघत नसशील." बरोबर होतं त्याचं. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये लॉन्च ऑप्शन्सचा रकाना असतो, तिथे प्रोटॉनचा लॉग चालू करायची एक छोटी ओळ टाकता येते, मग होम फोल्डरमध्ये त्या गेमच्या नंबरची एक लॉग फाइल तयार होते. त्याहून सोपं म्हणजे टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, स्टीम चालू करायचं आणि प्ले दाबल्यावर काय छापलं जातंय ते वाचायचं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, वाइन म्हणत होतं की हे प्रीफिक्सचं फोल्डर तुझ्या मालकीचं नाही.

आता प्रीफिक्स म्हणजे काय, तर प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक वेगळं छोटं विंडोज मांडून देतं. कॉम्पॅटडेटा नावाच्या फोल्डरमध्ये गेमचा नंबर, त्याच्या आत सी ड्राइव्ह, त्याच्यात युजर्स, प्रोग्रॅम फाइल्स, सगळं. आणि वाइनचा कडक नियम आहे की हे फोल्डर ज्या युजरचं नाही त्याला ते चालवू देणार नाही. मी ती डिस्क सुरुवातीलाच आपोआप जोडली जावी अशी सेटिंग केली होती, त्यामुळे सगळ्या फाइल्सची मालकी रूटकडे, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य युजरकडे गेली होती. ते सुधारलं. परत प्ले. आता दुसरीच तक्रार, डिस्कवर लिहिताच येत नाहीये. हे विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे होतं, त्यात बंद करताना सिस्टीम पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, डिस्क तशीच धरून ठेवते, आणि लिनक्स मग सावधपणे ती फक्त वाचायला जोडतं. विंडोजमध्ये जाऊन ते बंद केलं, नीट शटडाउन केलं, आणि मग गेम चालू झाला! मला वाटलं सुटले.

दोन दिवसांनी काही कामासाठी विंडोज उघडलं तर त्याने सुरू होताना डिस्क तपासायला घेतली, आणि परत मिंटमध्ये आले तर चालणारे गेमही बंद. कारण वाचलं तेव्हा कुठे पाणी कुठे मुरतंय ते कळलं. प्रीफिक्सच्या आत वाइन काही लिंक बनवतं ज्यांच्या नावातच कोलन असतो, सी कोलन, झेड कोलन. लिनक्सला कोलन चालतो, विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात कोलन चालत नाही, त्यामुळे तपासणीत ती नावं चुकीची ठरतात आणि त्या लिंक जातात. म्हणजे दोघांपैकी कोणीच चुकीचं नव्हतं, दोन वेगळ्या नियमांच्या सिस्टीम एकाच फोल्डरमध्ये लिहायला मी लावल्या होत्या.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. एनटीएफएसचा भाग आकसला, मोकळ्या जागेत लिनक्सच्या पद्धतीचं ईएक्सटी४ पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा केला, तिथे स्टीमची नवी लायब्ररी बनवली आणि गेमची फोल्डर्स एकेक करून कॉपी केली. स्टीममध्ये त्या गेमवर इन्स्टॉल दाबलं की ते आधी आहे त्या फाइल्स शोधतं आणि जे कमी असेल तेवढंच उतरवतं, म्हणून ४३० जीबी परत डाउनलोड करायची वेळ आली नाही. कॉपीला रात्र गेली. पण त्यानंतर आजपर्यंत त्या प्रकारची एकही कटकट झालेली नाही. कोणी विचारलं तर मी आता हेच पहिलं सांगते, गेम लिनक्सच्या स्वतःच्या फाइलसिस्टीमवर ठेव, बाकीचं नंतर.

मग विचर ३ हा गेम चालू केला. चालू झाला, पण स्क्रीनवर स्लाइड शो. अक्षरशः सेकंदाला आठ-नऊ फ्रेम. मनात आलं की बघ, शेवटी वेग गेलाच ना. पण आता लॉगचा धडा ताजा होता, म्हणून आधी बघायचं ठरवलं की नेमकं चाललंय काय. मँगोहड नावाचं एक टूल आहे, ते गेमच्या कोपऱ्यात फ्रेम्स, तापमान, प्रोसेसर किती वापरला जातोय, सगळं दाखवतं, आणि पूर्ण माहितीचा पर्याय दिला की ग्राफिक्स कार्डचं नावही दाखवतं. नाव आलं इंटेल एचडी ग्राफिक्स ६३०. म्हणजे एनव्हिडियाचं कार्ड निवांत झोपलेलं आणि प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स बिचारं एकटं विचर ओढत होतं. त्याने तो ओढला हेच कौतुक.

ड्रायव्हर तर मी टाकला होता. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे, दोन क्लिकचं काम. मग? सिक्युअर बूट. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आत घेत नाही. ड्रायव्हर टाकताना तुमच्याच मशीनवर एक किल्ली तयार होते आणि तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतात, मग रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन येते, तिथे ती किल्ली नोंदवायची, तोच पासवर्ड द्यायचा. ती स्क्रीन थोडेच सेकंद थांबते. मी तेव्हा जागेवर नव्हते, आणि परत आले तेव्हा डेस्कटॉप आलेला होता, काही चुकलंय असं वाटायचं कारणच नव्हतं. किल्ली नोंदली गेली नाही, ड्रायव्हर डिस्कवर आहे पण कर्नलने घेतलेला नाही. परत नोंदणी मागितली, यावेळी स्क्रीनसमोर बसून राहिले, निळी स्क्रीन आली, एनरोल एमओके, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. मग टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय चालवलं आणि कार्डाचं नाव, तापमान, मेमरी असा व्यवस्थित तक्ता आला. इतकं बरं वाटलं तो तक्ता बघून.

तसं बऱ्याच ठिकाणी लोक सरळ सांगतात की सिक्युअर बूट बंद करून टाक. चालतं तसंही. पण मला ते चालू ठेवायचं होतं आणि किल्ली एकदाच नोंदवायची असते, नंतर ड्रायव्हर अपडेट झाला तरी परत विचारत नाही, म्हणून मी तरी पाच मिनिटं देऊन नीट करा असंच म्हणेन.

यानंतर विचर ३ परत लावला. पहिल्यांदा स्टीम थोडा वेळ व्हल्कन शेडर्स प्रोसेस करतंय असं दाखवत थांबलं, ते मधेच सोडून देता येतं पण सोडू नका असा माझा सल्ला, कारण शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, ते आधीच तयार असले की खेळताना मधेमधे अडखळत नाही. या गेमच्या लाँचरमध्ये डायरेक्टएक्स ११ की १२ असा पर्याय येतो, मी ११ घेतला. माझं कार्ड पास्कल पिढीचं आहे आणि या जुन्या कार्डांवर डायरेक्टएक्स १२ चं भाषांतर तितकं वेगात होत नाही, ११ वालं डीएक्सव्हीके मात्र मस्त पळतं. मीडियम सेटिंगवर चाळीसच्या आसपास फ्रेम्स, जवळपास तेवढ्याच ज्या मला विंडोजवर मिळायच्या. मी घोड्यावर बसून गावाबाहेर पडले, पाऊस चालू झाला, झाडं हलायला लागली, आणि मी काही क्वेस्ट न करता पंधरा मिनिटं नुसती फिरत होते. लिनक्सवर. त्याच लॅपटॉपवर.

एक गंमतशीर गोष्ट अशी लक्षात आली की दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर प्रोटॉनचे गेम आपोआप मोठ्या कार्डावर गेले, कारण डीएक्सव्हीके आधी प्रोसेसरबाहेरचं स्वतंत्र कार्ड निवडतं, पण जे गेम मुळात लिनक्ससाठी बनवलेले आणि ओपनजीएल या ग्राफिक्सच्या जुन्या भाषेवर चालणारे आहेत ते इंटेलवरच राहिले. त्यांना लॉन्च ऑप्शन्समध्ये वेगळं सांगावं लागतं की एनव्हिडियावर चाल. म्हणजे परक्या सिस्टीमचा गेम बिनबोभाट चालला आणि घरच्याला हात धरून न्यावं लागलं. आणि लिनक्ससाठीच बनवलेल्या आवृत्त्यांबद्दल माझं मत या तीन आठवड्यांत थोडं बदललंच. काही उत्तम आहेत, हॉलो नाइट, स्टारड्यू व्हॅली, सेलेस्ट हे लावले आणि चालले, लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही. पण माझ्या लायब्ररीतला एक जुना गेम असा निघाला की त्याची लिनक्सची आवृत्ती कधीतरी बनवली आणि तिथेच सोडून दिली, विंडोजची पुढे अपडेट होत गेली, त्यामुळे भावाच्या मशीनशी जोडून खेळताच येईना, व्हर्जन जुळत नाही म्हणायचा. प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन जबरदस्तीने प्रोटॉन लावला, गेम परत उतरवला, आणि पाच मिनिटांत आम्ही दोघं एका मॅपवर होतो. आधी मी तत्त्वाने लिनक्सचीच आवृत्ती वापरायची म्हणणारी होते. आता जी सांभाळली जातेय ती वापरते.

कटसीनचा, म्हणजे गेमच्या मधे येणाऱ्या व्हिडिओचा, एक किस्सा. एका गेममध्ये सगळं नीट, पण व्हिडिओच्या जागी रंगीत पट्टे यायचे, जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण बंद असताना यायचे तसे. मला वाटलं फाइल खराब आहे. तसं नव्हतं. काही गेमचे व्हिडिओ अशा फॉरमॅटमध्ये असतात ज्यांचे हक्क आणि परवाने यांची गुंतागुंत आहे, त्यामुळे नेहमीच्या प्रोटॉनमध्ये ते थेट चालवायची सोय नसते, स्टीम त्यांची बदललेली प्रत पाठवतं, आणि ती नसेल तर जागा भरायला ते पट्टे दिसतात. यावर उपाय म्हणजे जीई-प्रोटॉन, व्हाल्व्हने नव्हे तर लिनक्सवर खेळणाऱ्यांमधल्याच एका डेव्हलपरने सांभाळलेली प्रोटॉनची वेगळी आवृत्ती, ज्यात जास्तीचे कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे भाग, आणि बऱ्याच गेमसाठीच्या दुरुस्त्या असतात. प्रोटॉनअप-क्यूटी नावाच्या छोट्या ॲपमधून ती टाकली, स्टीम बंद करून चालू केलं, त्या गेमला ती लावली, व्हिडिओ चालू. गेम चालत नसेल तर आधी प्रोटॉनडीबी या खेळणाऱ्यांनीच अनुभव लिहिलेल्या साइटवर त्याचं पान बघायची सवय मी तिथूनच लावून घेतली. तिथे प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे दर्जे असतात पण मी दर्जा फारसा बघत नाही, खाली लोकांनी लिहिलेलं वाचते, त्यातही माझ्यासारखं कार्ड आणि अलीकडची तारीख असलेलं. दोन वर्षांपूर्वी कोणी चालत नाही लिहिलेलं आज बऱ्याचदा खोटं ठरतं.

स्टीमबाहेरचे गेम हिरोइक लाँचरमधून घेतले, त्यात एपिक आणि जीओजी या गेम्सच्या दुसऱ्या दोन्ही दुकानांचं खातं जोडता येतं. त्याबद्दल जास्त लिहायला काही नाही, चाललं. कंट्रोलरचंही तसंच, केबल लावली आणि चालू, कारण ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, प्लेस्टेशनच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर तर सोनीनेच २०२१ मध्ये कर्नलला दिलाय. सेव्ह फाइल्स मात्र सांभाळा. क्लाउड सेव्ह, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली प्रत, असेल तर काही करावं लागत नाही, नसेल तर त्या प्रीफिक्सच्या आत सी ड्राइव्हमध्ये युजर्सखाली स्टीमयुजर नावाच्या फोल्डरमध्ये असतात, आणि गेम बिघडला म्हणून कोणाचं ऐकून प्रीफिक्स उडवला तर त्याही गेल्या. मी आधी कॉपी काढली होती म्हणून वाचले.

आता जे चाललं नाही ते. मी आणि भाऊ दर आठवड्याला एक ऑनलाइन शूटर खेळायचो, नाव घेत नाही, तो माझ्यासाठी बंद झाला. गेम चालू होतो, मेनू येतो, सामना शोधायला गेलं की बाहेर काढतो. कारण अँटी-चीट, म्हणजे फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर. ही अडचण तांत्रिक कमी आणि निर्णयाची जास्त आहे. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या सिस्टीमनी २०२१ मध्येच प्रोटॉनवर चालायची सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि बरेच जण करत नाहीत. काही अँटी-चीट तर विंडोजच्या थेट कर्नलमध्ये बसतात, म्हणजे सिस्टीमच्या सगळ्यात आतल्या थरात जिथून मशीनमधलं सगळं दिसतं, आणि प्रोटॉनकडे तसं विंडोजचं कर्नल नसतंच, त्यामुळे तिथे भाषांतराला जागाच उरत नाही. फसवणूक करणारे खेळाडू खेळाची वाट लावतात हे मी स्वतः भोगलंय, अँटी-चीट हवंच. पण एका गेमसाठी माझ्या मशीनच्या गाभ्यात कोणाला कायमचं बसू द्यायचं हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आता तर नाहीच पटत.

भावाला सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प होता. त्याच्याकडे नवा डेस्कटॉप आहे, तो खेळत राहील, प्रश्न आमच्या शुक्रवारच्या वेळेचा होता. म्हणाला, "ताई, त्या एका गेमसाठी विंडोज ठेव ना बाजूला." मी थोडे दिवस ठेवून बघते म्हटलं. ठेवलं, आणि एकदाही उघडलं नाही, त्यामुळे नंतर ते पार्टिशन काढून जागा गेम्सना दिली. शूटर गेला याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. ज्याचा मुख्य गेम तोच आहे त्याला मी लिनक्सवर ये असं म्हणणार नाही, आधी आपला गेम चालतो का बघ आणि मगच हात घाल.

अजून एक काळजी आहे ती कार्डाची. एनव्हिडियाची ५८० ही ड्रायव्हरची मालिका माझ्या पिढीच्या कार्डांसाठी शेवटची आहे, पुढच्या मालिकांमध्ये पास्कल नाही. म्हणजे आज सगळं छान आहे पण नवीन सोयी इथून पुढे या कार्डाला मिळणार नाहीत. पुढचं मशीन घेईन तेव्हा एएमडीचं कार्ड घ्यायचं पक्कं केलंय, कारण त्याचा ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही बघता-बदलता येणारा, ड्रायव्हर कर्नल आणि मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्सच्या भागातच असतो, वेगळा टाकायला नको, सिक्युअर बूटची किल्ली नको, आणि कंपनीने हात काढला तरी लोक तो पुढे चालू ठेवू शकतात. जुनी एएमडी कार्डं आजही तशीच चालतायत.

तिसऱ्या आठवड्यात भाऊ आला होता तेव्हा त्याने कपाटातून एक सीडी काढली. आम्ही लहान असताना खेळायचो तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम, नव्वदच्या दशकातला. ही सीडी चौसष्ट बिटच्या विंडोजवर इन्स्टॉलच व्हायची नाही, कारण गेम बत्तीस बिटचा असला तरी त्याचा इन्स्टॉलर सोळा बिटचा आहे, आणि चौसष्ट बिटचं विंडोज सोळा बिटचे प्रोग्रॅम चालवत नाही. आम्ही त्यावर पाणी सोडलं होतं. वाइन मात्र सोळा बिटचेही प्रोग्रॅम चालवतं. बाहेरचा सीडी ड्राइव्ह जोडला, ल्यूट्रिस या गेम मांडून देणाऱ्या ॲपमध्ये नवीन प्रीफिक्स बनवला, सेटअपची फाइल दाखवली, आणि ती राखाडी खिडकी उघडली, निळ्या पार्श्वभूमीवर, टक्के भरत जाणारी पट्टी. आमच्यापैकी कोणीच काही बोललं नाही ती भरेपर्यंत.

पहिल्यांदा चित्र स्क्रीनच्या कोपऱ्यात टिचभर आलं, ६४० बाय ४८०. गेमस्कोपमधून चालवलं, ते गेमला एक वेगळी छोटी स्क्रीन असल्याचं सांगतं आणि बाहेर ती मोठी करून दाखवतं, त्याने पूर्ण उंची भरली, दोन बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या. सुरुवातीचं संगीत लागलं. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचा तो गेम, मी बाणांच्या बटणांवर, तो डावीकडच्या अक्षरांवर, जागा न ठरवता आपोआप तशाच घेतल्या गेल्या. पहिल्या वळणावर तो मला आपटून पुढे गेला, अगदी तेव्हासारखाच, आणि मग पहाटे दोनपर्यंत आम्ही तेच खेळत बसलो होतो.